मेत्ताची डावी बाजू

नांदेड,
१२ जून २०२२

प्रिय आनंदराज, पालीचे पंडित आणि शाखा डाकघराचे एकमेव अधिपती,

तुझा हुकूम आहे की फोन करायचा नाही, पत्र लिहायचं; गावात टपाल येत नाही असं दिसलं तर वरचे लोक तुझं डाकघर बंद करतील. म्हणजे हा पत्रव्यवहार मैत्रीखातर नव्हे, तुझी खुर्ची टिकावी म्हणून आहे. असो. मित्रकार्य.

आमच्याकडची बातमी अशी. यंदा अकरावीला संस्कृत घेतलेले तीन विद्यार्थी आहेत. त्यातला एक चुकून आला आहे, विषय बदलून मिळेपर्यंत बसतो. संस्थेचे सचिव अनंतराव यांनी मला बोलावलं तेव्हा वाटलं, आता आपला नारळ. पण नाही. संस्थेनं 'गोठा ते मैदान' नावाचा ऑनलाइन वर्ग काढला आहे. तरुण पोरापोरींनी जनावर कसं वाढवावं आणि प्रदर्शनात कसं उभं करावं, हे मोबाइलवर शिकवायचं. शिकवणार डॉक्टर राजशेखर. ते पशुवैद्य आहेत आणि परभणीहून बोलतात. त्यांची भाषा निम्मी इंग्रजी, मुलांची भाषा देवणी-चाकूरकडची. मधला पूल मी. मी विचारलं, मीच का? अनंतराव म्हणाले, "अहो सर, गाय आणि संस्कृत, एकच खातं की!"

आता हे खातं मी सांभाळतोय. मुग्धा हसून हसून दमली. वसुबारसेला दारात गाय आली की मी ताट तिच्या हातात देऊन मागं सरकतो, हे तिला पंचवीस वर्षं ठाऊक आहे.

तुझ्याकडे खऱ्या गाई आहेत. त्यांना समोरून कसं ओळखायचं एवढं तरी कळव.

तुझा
श्रीनाथ

◆

शाखा डाकघर, देवणीच्या अलीकडे,
२१ जून

श्रीनाथपंत, जय भीम.

तुझं पत्र मीच शिक्का मारून मलाच पोचतं केलं. वाचून पंचशीलाला सांगितलं, तर ती म्हणली, "जे भावजी गाईला भेत्यात त्येंनी पोरांला गाई शिकवायच्या? मग तुम्ही विमान चालवा की." उदगीरच्या होस्टेलच्या पायरीवर गाय बसली म्हणून तू मागच्या भितीवरून उडी मारून परीक्षेला गेलतास, हे मी अजून कुणाला सांगितलेलं न्हाई. संस्कृत आणि पाली मिळून एकच कपाट होतं आपल्याला, त्या कपाटाची शपथ.

आता जरा नीट ऐक.

आमची धम्मप्रिया तुला आठवते ती दोन वेण्यांची. आता एकोणीस झालं तिला. लातूरला क्लासला ठेवली होती डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी. गेल्या साली नंबर लागला न्हाई. गावी आली, बॅग ठेवली आणि तवापासून बोलत न्हाई. विचारलं तर हाव, न्हाई, एवढंच. ताट अर्धं ठेवून उठते. मी रागावलो न्हाई, कसम से. रागावलो असतो तर बरं झालं असतं, निदान भांडली असती.

पण गोठ्यात बोलते. गेल्या पोळ्याच्या आसपास आमच्या गाईला कालवड झाली. देवणी जातीचीच, शेवरी, म्हणजे पांढऱ्यावर काळे डाग. धम्मप्रियानं तिचं नाव ठेवलंय मेत्ता, तुमच्या संस्कृतात मैत्री. घरात पाली जाणणारं एक माणूस असल्याचा हा परिणाम. मी गोठ्यामागं उभा राहून ऐकलं, ती मेत्ताला दिवसभराचं सगळं सांगून राहिली होती. आमाला न्हाई, तिला.

तर ती तुझ्या वर्गात येणार हाय. नाव तिचं तिनंच घातलं. घरातला एकच मोठा फोन मी तिला देऊन टाकलाय. माझ्याकडं बटणाचा, त्याला रेंज लिंबाच्या झाडाखालीच. म्हणून पत्र. तू माझा मित्र हायस हे तिला कळू देऊ नको. आणि एकच मागणं. कधीमधी तिला 'छान केलंस' म्हण. आमचं म्हणणं आता तिच्या कानात जात न्हाई. बाहेरच्या माणसाचं जाईल.

आनंदराज

◆

नांदेड,
१८ जुलै २०२२

प्रिय आनंदराज,

तुझी मुलगी वर्गातली सर्वांत शांत विद्यार्थिनी आहे आणि तुझी कालवड सर्वांत बोलकी. दर रविवारी सकाळी माझ्या पडद्यावर वीस-बावीस चौकोन उघडतात. कुठं शेळी, कुठं कोंबडा, एका चौकोनात नुसतंच शेपूट. किल्लारीचा बजरंग म्हणून एक आहे, त्याचा बोकड मोबाइल चाटतो. त्यामुळे अर्धा तास आम्हाला फक्त जीभ दिसते. या सगळ्यात मेत्ता मात्र एखाद्या राजकन्येसारखी येऊन उभी राहते.

काल मैदानात जनावर कसं उभं करायचं, तो धडा होता. डॉक्टर म्हणाले, प्रत्येक जनावराची एक बाजू उजवी असते, म्हणजे सरस असते. परीक्षकाकडे ती करावी. हे मराठीत सांगताना मी स्वतःची एक ओळ घातली: "परीक्षकाला एका वेळी एकच बाजू दिसते, ती निर्दोष असू द्या." डॉक्टरांना इतकी आवडली की त्यांनी ती पाटी करून वर्गात दाखवायच्या चित्रफितीत टाकली. तीस वर्षं सुभाषितं शिकवली, माझं स्वतःचं पहिलं सुभाषित गोठ्यात सापडलं.

धम्मप्रिया लगेच म्हणाली, "सर, हिच्या उजव्या अंगाला कुंपणाच्या तारेचा वण हाय." मी म्हटलं, मग डावं अंग दाखव. तिनं मेत्ताला वळवलं. डाव्या बरगडीवर काळा डाग आहे, पालथ्या परातीएवढा, कडा कशी कोरून काढल्यासारखी. सगळा वर्ग 'व्वा' म्हणाला. मी म्हटलं, "छान केलंस." खोटं नव्हतं, आणि तुझं कामही झालं.

ती हसली. फोन हलत होता, तरी मी पाहिलं.

तुझा
श्रीनाथ

◆

शाखा डाकघर,
३० ऑगस्ट

श्रीनाथपंत, जय भीम.

त्या हसण्याचं मला लिहिलंस ते बरं केलंस. ते पत्र मी दोनदा डिलिव्हर केलं, एकदा मला, एकदा पंचशीलाला.

पोळा झाला. आमी देव मानत न्हाई, बैल मानतो. आदल्या दिवशी संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळले आणि रिवाजाप्रमाणं त्यांच्या कानात आमंत्रण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." मागं वळून बघतो तर धम्मप्रिया मेत्ताच्या कानाला लागलेली. पंचशीला म्हणली, "अगं येडे, ते बैलाला म्हणायचं आस्तंय. राबणाराला." तर पोरगी म्हणते कशी, "मग हिनं काय उपाशी ऱ्हायचं?"

एवढं लांब वाक्य आमच्या घरात वर्षानं ऐकू आलं. पंचशीला पुरणाचं निमित्त करून आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली न्हाई. रात्री धम्मप्रियानं ताट चाटूनपुसून खाल्लं आणि मला म्हणली, "बाबा, पशुवैद्यकाचा डिप्लोमा करायचा म्हणलं तर?" मी म्हणलं, "कर की." आवाज साधा ठेवला, कसाबसा.

नांदेडला तुमचं प्रदर्शन दिवाळीच्या आधी हाय म्हणते. मी आत्ताच टेम्पोवाल्याला सांगून ठेवलंय. मेत्ताला आणि तिला घेऊन येतो. तू मागच्या भितीवरून पळू नको.

आता एकच तक्रार. ती कुणाला गोठ्यात जास्त थांबू देत न्हाई. "सर म्हणाले, प्रदर्शनाचं जनावर बिचकू द्यायचं न्हाई." असं काही म्हणलास का? म्हणला नसशील तरी म्हणलो म्हण.

आनंदराज

◆

नांदेड,
१९ सप्टेंबर २०२२

प्रिय आनंदराज,

ते मी म्हणालो नव्हतो, पण आता म्हणालो असं समज. मित्रकार्य क्रमांक दोन.

बातमी मात्र चांगली नाही. गुरांच्या अंगावर गाठी येणाऱ्या त्या लम्पीमुळे जनावरांचे बाजार बंद झाले, हे तुलाही कळलं असेल. आमचं प्रदर्शनही बंद. मुलं फार हिरमुसली. अनंतराव खमके, म्हणाले, प्रदर्शन ऑनलाइन घेऊ. प्रत्येकानं दोन मिनिटांची चित्रफीत पाठवायची, त्यावर निकाल. टेम्पोवाल्याला नाही म्हणून सांग.

धम्मप्रियाची चित्रफीत सर्वांच्या आधी आली, गणपतीत काढलेली. मेत्ता अशी चालते की पाहणाऱ्यानं उभं राहावं.

काल डॉक्टरांनी सगळ्यांना आपापली जनावरं कॅमेऱ्यासमोर आणायला लावली. एकेकाला विचारत होते, ताप आहे का, खाते का, पायाला सूज आहे का. धम्मप्रियाची पाळी शेवटी आली. मेत्ता डावं अंग करून उभी, नेहमीसारखी. पोरगी आता इतकी तयार झाली आहे की सांगावं लागत नाही. डॉक्टरांनी विचारलं, "खाते का?" ती म्हणाली, "हाव सर." ते म्हणाले, "जरा दुसऱ्या अंगानं फिरव बरं." तेवढ्यात चित्र अडकलं. रेंज तुमच्याकडची, तिला काय दोष द्यायचा? वेळ संपत आली होती, आणि ती कावरीबावरी होतेय असं मला वाटलं. मी म्हटलं, "डॉक्टर, हिचं नेहमी उत्तमच असतं, पुढं चला." डॉक्टर पुढं गेले.

म्हणजे बघ, तुझी विनंती मी विसरलेलो नाही. पोरीला चारचौघांत अवघडू दिलं नाही.

तुमच्याकडे लस देणारे आले का? आले नसतील तर मागं लाग.

तुझा
श्रीनाथ

◆

शाखा डाकघर,
२९ सप्टेंबर

श्रीनाथ,

मेत्ता गेली.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी सकाळी तिला शेताच्या बांधाला पुरलं. चुना आणि मीठ टाकून, सांगतात तसं. दुपारी डाकेची थैली सोडली तर वर तुझं पत्र. उभ्यानं वाचलं. 'हिचं नेहमी उत्तमच असतं' तिथवर वाचलं आणि घडी घालून ठेवलं. बाकीचं दुसऱ्या दिवशी वाचलं.

गाठी उजव्या अंगाला होत्या, वणाच्या आसपास. आधी दोन-चार. धम्मप्रियाला वाटलं गोमाशा चावल्या. हळद लावली. मग मानेखाली सूज आली. तुमच्या त्या रविवारी तिला कळलं होतं काय झालंय ते. पण दाखवलं तर सगळ्यांसमोर तिचं नाव खराब होईल, सर काय म्हणतील, असं तिच्या डोक्यात बसलेलं. ती म्हणली, "रेंज गेली न्हवती. मीच बंद केलं." नंतर दोन दिवस तिनं घरीसुद्धा सांगितलं न्हाई.

आणि मी? मी रोज सकाळी गोठ्यात डोकावून जायचो. दार डावीकडं हाय. डाग दिसायचा, कालवड उभी दिसायची, मी डाकघरात जायचो.

मेत्ता बसली, उठंना, तवा पंचशीलानं बघितलं. देवणीहून सरकारी दवाखान्याचा माणूस मोटरसायकलवर आला, सुया दिल्या, परत परत आला बिचारा. मी त्याला विचारलं, आठ दिवस आधी कळलं असतं तर? तो म्हणला, "काका, सांगता येत न्हाई. लहान जनावर हाय. कळूनबी जात्यात." हे ऐकून बरं वाटावं की वाईट, ते मला अजून कळलं न्हाई.

लस आली. परवा आली. बाकीच्या जनावरांना दिली.

शेवटच्या रात्री ती मेत्ताचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. कानात काही सांगत होती. मी ह्या वेळी गोठ्यामागं थांबलो न्हाई.

आता परत हाव, न्हाई. हावसुद्धा कमीच. गोठ्याकडं तर फिरकत न्हाई. फोन तिनं माझ्या टेबलावर आणून ठेवला. आता तू फोन करू शकतोस, पण करू नको. मला तुझ्याशी बोलता येणार न्हाई आणि तुझा राग यावा असंबी मला वाटत न्हाई. मागणं माझंच होतं.

आनंदराज

◆

नांदेड,
९ ऑक्टोबर २०२२

प्रिय आनंदराज,

चार कागद फाडले. पहिल्यावर एक श्लोक लिहिला होता, गेलेल्याचा शोक करू नये अशा अर्थाचा. मुग्धानं वाचला आणि म्हणाली, "हे त्या मुलीसमोर म्हणून दाखवाल?" मग फाडला.

तू मागणं तुझं होतं म्हणतोस. तू 'छान' म्हणायला सांगितलं होतंस. 'पुढं चला' म्हणायला नाही. डॉक्टरांना मी फोन केला. ते म्हणाले, "सर, मला संशय आला होता. पण तुम्ही म्हणालात, म्हणून वाटलं तुम्हाला घरची माहिती असेल." मला घरची माहिती होतीच. तीच तर नडली.

आणखी एक गोष्ट आहे, ती तुला आधी कळावी म्हणून घाईनं लिहितोय. ऑनलाइन प्रदर्शनाचा निकाल लागला. 'मांडणी' या विभागात पहिला क्रमांक धम्मप्रियाचा. ती गणपतीतली चित्रफीत. मी अनंतरावांकडे गेलो. म्हटलं, ती कालवड आता नाही, हे बक्षीस थांबवा. ते म्हणाले, "वाईट झालं हो. पण निकाल जाहीर झालाय, फोटो छापायला गेलाय. आणि सर, बक्षीस मांडणीचं आहे, तब्येतीचं नाही." मी म्हटलं, निदान पाठवू तरी नका. ते म्हणाले, "पार्सल कालच गेलं. रजिस्टर केलंय, काळजी करू नका, तिच्या हातातच पडेल."

आनंदराज, ते तुझ्याच डाकघरात येणार आहे. आणि मी इथं बसून ते थांबवू शकत नाही. तीस वर्षांत इतकं निरुपयोगी मला कधी वाटलं नव्हतं, आणि मी संस्कृतचा मास्तर आहे. निरुपयोगीपणाचा मला सराव आहे.

श्रीनाथ

◆

शाखा डाकघर,
२९ ऑक्टोबर

श्रीनाथ, जय भीम.

पार्सल आलं. चांगलं जड, खोक्यावर तुमच्या संस्थेचं नाव, खाली 'कु. धम्मप्रिया आनंदराज' आणि बाजूला गाईचं चित्र. मी ते खिडकीखाली ठेवलं आणि वरून तराजूचं फडकं टाकलं. कायदा असा की ज्याच्या नावचं त्यालाच द्यायचं, न्हाईतर ठरल्या मुदतीनंतर परत लावायचं. मी ठरवलं, मुदत जाऊ देऊ. नोकरीत पहिल्यांदा कुणाचं टपाल मी दाबून धरलं, आणि ते माझ्याच लेकीचं.

पण तिला फोनवर निरोप आला असणार. फोन आता माझ्या टेबलावर असतो, ती येता-जाता बघते. परवा दुपारी डाकघराच्या खिडकीशी आली. डाकघर घरच्याच पुढच्या खोलीत, तरी आतून न्हाई, गिऱ्हाईक येतं तशी रस्त्यावरून. म्हणली, "माझं काही आलंय का?"

खोटं बोलता येईना. फडकं काढलं.

तिनं खोकं बघितलं. गाईचं चित्र बघितलं. हात लावला न्हाई. म्हणली, "न्यायचं नसलं तर काय करायचं आस्तंय?"

मी म्हणलं, "वर लिहून द्यायचं. घेण्यास नकार."

"कुणी लिहायचं?"

"लिहितो तर मीच. पण तू लिहिलंस तरी चालंल."

तिनं माझा पेन घेतला आणि तिच्या अक्षरात, सावकाश लिहिलं. मग पेनाला टोपण लावून परत दिला आणि म्हणली, "बाबा, सरांला सांगा, पारितोषिक डाव्या बाजूचं हाय. उजवी कुणी बघितलीच न्हाई."

म्हणजे आपण मित्र आहोत हे तिला ठाऊक होतं. कधीपासून, कुणास ठाऊक. तुझं 'छान केलंस' तिनं काय म्हणून ऐकलं असंल, ह्याचा मी तवापासून विचार करून राहिलो.

शिक्का मारला, थैलीत टाकलं. तुझ्याकडं येईल. सही करून घे.

दिवाळीला काही गोडधोड केलं न्हाई. जनावरांचं चारापाणी तेवढं केलं.

आनंदराज

◆

नांदेड,
१४ नोव्हेंबर २०२२

प्रिय आनंदराज,

पार्सल परत आलं. सही माझीच लागली. अनंतराव म्हणाले, तुमच्या वर्गाचं आहे, तुम्हीच सांभाळा. उघडलं नाही. माझ्या कपाटात, शब्दकोशांच्या खालच्या फळीवर ठेवलंय. दार उघडलं की तिचं अक्षर दिसतं. चांगलं अक्षर आहे.

नवी तुकडी सुरू झाली. मी आधीच मागणी केली होती की ती 'एकच बाजू' वाली पाटी चित्रफितीतून काढा आणि जनावर चारही बाजूंनी फिरवून दाखवायला शिकवा. उत्तर आलं, चित्रफीत पुन्हा करायला तरतूद नाही, आणि ती ओळ सगळ्यांना फार आवडते. तेव्हा दर वेळी माझं सुभाषित पडद्यावर येतं आणि दर वेळी मी घसा खाकरून म्हणतो, "मुलांनो, हे लिहून घेऊ नका." मुलं ते अधिक नीट लिहून घेतात. मास्तरानं नको म्हटलेलं म्हणजे परीक्षेला येणार.

काल रविवारी वर्ग चालू होता. जुन्या तुकडीची नावं काढायची राहिली आहेत, त्यामुळे जुनी मुलंही येऊ शकतात, येत मात्र कुणी नाही. मध्येच एक काळा चौकोन उघडला. खाली तिचं नाव. कॅमेरा बंद.

मी बोलायचा थांबलो. डॉक्टर म्हणाले, "सर, आवाज येत नाही." मी पुढं वाचू लागलो, काय वाचलं, देव जाणे. तिचं नाव घ्यावं असं चारदा तोंडाशी आलं. घेऊन काय म्हणणार होतो? 'छान' हा शब्द माझ्यापुरता संपला आहे आणि दुसरा सापडत नाही. एवढा मोठा कोश घरात असून.

वर्ग संपला. एकेक चौकोन मिटत गेला. डॉक्टरही गेले. तो काळा तसाच राहिला. मीही बंद केलं नाही. दोघंच होतो.

मग आवाज यायला लागला. खराट्यानं झाडल्याचा. आधी लांबून, मग जवळ. मध्ये थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. घमेलं फरशीवर टेकवल्यासारखं काहीतरी वाजलं. बोलणं नाही. मी खुर्चीत बसून ते ऐकत राहिलो. मुग्धा चहा घेऊन आली, तिनंही ऐकलं आणि चहा ठेवून गेली. बऱ्याच वेळानं चौकोन मिटला.

तू झाडत होतास का रे? की पंचशीला? गोठ्यातली एक जागा रिकामी झाली तरी बाकीची झाडावीच लागणार, हे मला कळतं. तरी विचारतो. फोन तुझ्या टेबलावर असतो म्हणालास, म्हणून.

श्रीनाथ

◆

(पोस्टकार्ड)

शाखा डाकघर, १९ नोव्हेंबर

श्रीनाथ, जय भीम.

रविवारी मी आणि पंचशीला भाचीच्या लग्नाला चाकूरला गेलतो. दिवे लागल्यावर परत आलो.

घरी ती एकटीच होती.

आनंदराज